कुडाची भिंत: आधी अंगणात, मग जागेवर

मुरबाडकडे आमच्या शेतावर दोन खोल्या बांधल्या, तेव्हा मेढी (उभे खांब) रोवून जागेवरच कूड, म्हणजे मातीने लिंपायची काठ्यांची भिंत, विणायचा सोडून मी त्याच भिंतीचे सात बाय तीन फुटांचे सुटे तुकडे, म्हणजे ताट्या, अंगणात बांधून ठेवल्या. गणपतीनंतर उन्हं पडली की उभ्या करायच्या, एवढाच हिशेब.

चौकट बांबूची. बांबू चिरून शंभर लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक अ‍ॅसिड विरघळवून त्यात आठवडाभर बुडवा, नाहीतर भुंगा दोन वर्षांत भुगा करतो. आत कारवी या रानझुडपाच्या उभ्या काठ्या, आडव्या कामट्या (बांबूच्या चिरफळ्या), बांधायला काथ्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून गेली की वाळते. 2024 मध्ये फुललेली पुढच्या वर्षी काठीला आली. अभयारण्यातली मात्र तोडायची नाही. काठ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवा, माती तिथेच धरते.

पहिल्या ताटीला मी शहाणपणा करून जमिनीवरच दोन्ही बाजूंनी इंच इंच लिंपण केलं. चौघं उचलायला गेलो, मधून वाकली आणि अख्खं लिंपण पायावर! नंतर गणित केलं: एवढी माती वाळली तरी दीडशे किलोच्या घरात जाते, ओली तर त्याहून जड. आता कोरी ताटी दोघं सहज उचलतो, मेढीला बांधतो, मगच लिंपतो.

मातीला घाई चालत नाही. लाल माती, वितीएवढा कापलेला भाताचा पेंढा आणि शेण एकत्र तुडवून आठ दिवस ओलं ठेवा. वास येतो, शेजारी बोलतात, बोलू देत. मग माती जमली का ते पाहायला फळीवर तळहाताएवढा थर देऊन सावलीत वाळवा. भेगा पडल्या तर वाळू वाढवा, चोळल्यावर भुसभुशीत झाली तर चिकणमाती.

दोन ताट्यांचा सांधा हीच खरी कटकट. तिथे गाऱ्यात (याच ओल्या मातीत) भिजवलेलं गोणपाट ठासा आणि वरून लिंपा. मी नुसती माती भरली होती, महिन्याभरात त्या फटीतून पलीकडचा दिवा दिसायला लागला.

जोतं दगडाचं, निदान दीड फूट. पहिल्या पावसात भिंत खाली काळपट दिसली, तर छप्पर हातभर पुढे काढा. तिथे सिमेंट चोपडलंत तर ओल आतच राहील आणि कारवी कुजेल.