पुरुषांमधल्या समलैंगिकतेचा इतिहास वाचायचाय? मग असं करा

पहिलं म्हणजे शब्दाचं वय बघा, 'होमोसेक्शुअल' हा शब्द छापून आला 1869 ला, केर्टबेनी नावाच्या हंगेरियन लेखकाने वापरला, त्यामुळे प्राचीन ग्रीसमधल्या माणसाला डायरेक्ट 'गे' म्हणून टाकायची घाई करू नका. तिथे एरास्तेस म्हणजे वयाने मोठा प्रेमी आणि एरोमेनोस म्हणजे कोवळा मुलगा अशी वेगळीच चौकट होती, रोममध्ये तर नागरिक की गुलाम, कोण कुठल्या भूमिकेत, यावर सगळं ठरायचं. जपानमध्ये नानशोकु, म्हणजे पुरुषांमधलं प्रेम, भिक्षूंमध्ये पण आणि सामुराईंमध्ये पण.

मग अभ्यासकांचं भांडण समजून घ्या, हे मला सगळ्यात भारी वाटतं. फ्रेंच विचारवंत फूकोने 1976 मध्ये मांडलं की आधी फक्त कृत्यं होती, 'तसा माणूस' ही ओळख 19व्या शतकात घडली, आणि अमेरिकन इतिहासकार बॉसवेल 1980 मध्ये थेट मध्ययुगातल्या 'गे' लोकांबद्दल लिहितो! दोघांना वाचाच, एकावर थांबू नका प्लीज.

आणि प्रत्येक पुरावा कोणी लिहिला ते विचारा, कोर्टाच्या कागदात शिक्षाच दिसणार, प्रेम शोधायचं तर कविता आणि पत्रं उघडा.