मलावीच्या खेड्यात १४ महिने: अनाथ मुलांसाठी काम करायला निघालेल्यांसाठी

एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातल्या मास्टर्सचा) रिझल्ट लागला की दरवर्षी दोन-तीन ज्युनिअर्सचा मेसेज ठरलेला, ताई आफ्रिकेत अनाथ मुलांसाठी काम करायचंय, काय करू. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी मलावीत होते, म्चिंजी जिल्ह्यात, लिलाँग्वेहून झांबियाच्या बॉर्डरकडे जो रस्ता जातो त्याला सोडून सायकल टॅक्सीने आत गेलं की जी गावं लागतात तिथे. संस्थेचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार पण आहे. आणि मी सांगतेय ते चार-पाच गावांचं आहे, केनिया नाहीतर युगांडाला जाणाऱ्यांनी जसंच्या तसं चिकटवू नका.

पहिली गोष्ट म्हणजे डोक्यातला अनाथाश्रम काढून टाका. मी सोलापूरहून निघताना माझ्या डोक्यात एक लांब इमारत, ओळीने कॉट आणि भिंतीवर कार्टून असंच काहीतरी होतं. गावात गेल्यावर दोन दिवस मी मुलं कुठे ठेवलीत असं विचारत फिरत होते आणि लोक माझ्याकडे बघत होते, कारण मुलं माझ्या आजूबाजूलाच होती, शेळ्यांमागे, बोअरवेलच्या हापशावर, कुणाच्या तरी पाठीला बांधलेली. सगळी कुणाच्या ना कुणाच्या घरात. आजी (तिकडे आजी-आजोबा दोघांनाही आगोगो म्हणतात), मावशी, मोठी बहीण. म्चिंजीत चेवा लोक जास्त आणि त्यांच्यात वंश आईकडून चालतो, लग्न झालं की पुष्कळदा जावईच सासुरवाडीला राहायला येतो. त्यामुळे आई गेली तरी मूल आईच्या गावात, आईच्याच माणसांत असतं आणि त्याच्याबद्दलचा शब्द मामाचा चालतो. आपल्याकडे मामा सुट्टीपुरता, तिथे मामा म्हणजे कारभारी.

आता थोडी पार्श्वभूमी. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं एड्सने तिथली मधली पिढीच नेली, म्हणजे कमावती, पोरं वाढवण्याच्या वयातली. २००४ पासून सरकारने एआरव्ही गोळ्या (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या) फुकट द्यायला सुरुवात केली, २०११ पासून एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आयुष्यभराची ट्रीटमेंट लगेच सुरू करायची असं ठरवलं, आणि हे असं धोरण आणणारा मलावी जगातला पहिला देश, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. त्यामुळे आता संस्थांच्या अनाथ मुलांच्या लिस्टमध्ये दिसणारी मुलं फक्त एड्समुळे अनाथ झालेली नसतात. बाळंतपणात आई गेलेली, मलेरियाने बाप गेलेला, आणि दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत मार्च २०२३ च्या फ्रेडी चक्रीवादळात घरच वाहून गेलेली, त्या वादळात देशात हजारावर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्हीपण नेमकी हीच कराल. यूएनच्या व्याख्येत १८ वर्षांखालच्या ज्या मुलाचे आई किंवा बाप किंवा दोघं गेलेत ते अनाथ. आमच्या ऑफिसने तो फॉर्म दिला, मी घरोघर जाऊन भरला, आणि दोन महिन्यांनी त्या लिस्टप्रमाणे दप्तरं आली. निळी, चेनवाली, आत वह्या. वाटप झालं, फोटो झाले. चार दिवसांनी मी एका आगोगोच्या घरी गेले, तिच्याकडे पाच नातवंडं, त्यातली तीन लिस्टमध्ये होती आणि दोघांची आई साउथ आफ्रिकेला कामाला गेलेली, तिचा वर्षभर फोन नाही पैसे नाहीत, पण जिवंत आहे म्हणून ती दोघं लिस्टमध्ये नाहीत. ओसरीवर मक्याची कणसं सोलत बसलेली ती म्हातारी, मी दप्तरांचं विचारलं तर हात न थांबवता म्हणाली, दप्तरं आठवड्याने बदलतात, या आठवड्यात ही तिघं, पुढच्या आठवड्यात ती दोघं आणि यातला एक. मग कणीस खाली ठेवून म्हणाली, माझ्याकडे हंडी एकच आहे बाई, मी कुणाला सांगू की तुझी आई मेली नाही म्हणून तू जेवू नको? माझ्याबरोबर ट्रान्सलेट करायला आलेला मुलगा पण गप्प बसला. त्यानंतर मी "अनाथ मुलांची लिस्ट" हा शब्द गावात वापरला नाही, घराची लिस्ट केली. कुठल्या घरात किती खाणारी तोंडं आणि किती राबणारे हात, बास.

गंमत म्हणजे हे गणित गावाला आधीपासून येत होतं आणि सरकारलाही. तिथे एक सरकारी योजना आहे, म्तुकुला पाखोमो, ती २००६ मध्ये म्चिंजीतच पहिल्यांदा सुरू झाली आणि नंतर देशभर गेली. त्यात अगदी गरीब आणि ज्यांच्याकडे राबणारा माणूस नाही अशा घरांना ठरावीक अंतराने रोख पैसे देतात, शाळेत जाणाऱ्या मुलामागे थोडे जास्त. पैसे आगोगोच्या हातात, अनाथ असा शिक्का कुणाच्याच कपाळावर नाही. मी हे जाण्याआधी वाचलं असतं तर ती दप्तरं वाचली असती. तुम्ही वाचून जा.

दुसरी गोष्ट, मयत. गावात कुणी गेलं की सगळं बंद. शेतावर कुणी जात नाही, मीटिंग रद्द, ट्रेनिंग रद्द, बायका टोपल्यांत मक्याचं पीठ आणि डोक्यावर सरपण घेऊन त्या घरी. पहिल्या तीन महिन्यांत माझं एक ट्रेनिंग असं दोनदा पुढे गेलं आणि मी चिडून रिपोर्टमध्ये "समाजाचा सहभाग कमी" असं लिहिलं, आता आठवलं की लाज वाटते. तिसऱ्या वेळी मात्र मीच बायकांबरोबर पीठ घेऊन गेले. पुरून झाल्यावर घरची माणसं अंगणात बसली, गेलेल्या बाईचा भाऊ बोलला, मग म्हाताऱ्या बोलल्या, आणि तासाभरात ठरलं की धाकटी कुठे झोपणार, मोठ्याची शाळा कोण बघणार, शेताचा तुकडा कुणी कसायचा. म्हणजे मी ज्या कामाचं प्रपोजल घेऊन आले होते ते काम माझ्यासमोर होत होतं, आणि ते ठरवायला त्यांना माझा फ्लिपचार्ट लागला नव्हता. अडचण नंतर येते. ठरवलेलं निभवायला मका पुरत नाही. डिसेंबर ते मार्च हा तिथला उपासमारीचा काळ, जुना मका संपलेला आणि नवा एप्रिलशिवाय येत नाही. बाहेरची मदत लागते ती इथे.

गावाने स्वतः उभं केलेलं म्हणजे बालवाडी, सीबीसीसी (कम्युनिटी बेस्ड चाइल्डकेअर सेंटर) म्हणतात तिला, तीन ते पाच वर्षांची मुलं. आपल्या अंगणवाडीसारखीच पण फरक महत्त्वाचा आहे, अंगणवाडी सेविकेला निदान मानधन मिळतं (किती कमी ते सोडा), तिथे शिकवणाऱ्या बायका बिनपगारी. जागा गावच्या प्रमुखाने दिलेली, विटा गावानेच पाडून भाजलेल्या, नदीची वाळू बायकांनी डोक्यावरून आणलेली, आम्ही फक्त पत्रे आणि सिमेंट दिलं. आपल्याकडे इर्जिक घालायचे ना एकमेकांच्या शेतात, तसंच. त्यांची म्हणच आहे, मुतु उमोद्झी सुसेन्झा देंगा, एका डोक्यावर छप्पर उचलत नाही. गवताचं छप्पर खाली बांधून मग सगळे मिळून उचलून भिंतींवर ठेवतात, त्यावरून आली असणार. बालवाडीत सकाळी मका-सोयाची पातळ पेज मिळते, तिला फाला म्हणतात, आणि पेज असेल त्या दिवशी ओसरी भरलेली, पीठ संपलं की दहा पोरं. म्हणून समितीने बालवाडीच्या नावाने मक्याचं एक वेगळं शेत केलं, प्रत्येक घराने तिथे ठरलेले दिवस राबायचं. हजेरीची वही एका बाईकडे, आणि ती प्रमुखाच्या भावालाही गैरहजर लावायची.

बचत गटात काम केलेल्यांना एक गोष्ट एकदम ओळखीची वाटेल, बांकी म्खोंदे, म्हणजे ओसरीवरची बँक. लोखंडी पेटी, तिला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे, तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही. दर आठवड्याला शेअर घ्यायचे, पासबुकात शिक्का, कर्ज, व्याज, आणि वर्षाअखेर सगळं वाटून मोकळं. बाजूला एक छोटा अडीअडचणीचा फंड असतो, मयत, आजारपण, यासाठी. आमच्या गावात त्याच फंडातून दोन मुलांच्या सेकंडरीची फी गेली. प्राथमिक शाळा १९९४ पासून फुकट आहे, पण आठवीनंतर खर्च सुरू होतो आणि पोरं, विशेषतः पोरी, तिथेच गळतात. तुमच्या संस्थेकडे थोडेच पैसे असतील तर मी म्हणेन तिथे लावा. दप्तरात नको.

आता तक्रार. आमच्या ऑफिसने मीटिंगला येणाऱ्याला बैठकभत्ता द्यायला सुरुवात केली, चांगल्या मनाने, पण सहा महिन्यांत जिथे भत्ता नाही तिथे कोण बसणार असं झालं आणि त्यात बालवाडीचं शेत दोन आठवडे खुरपलंच नाही. तो भत्ता बंद करताना शिव्या मी खाल्ल्या, सुरू करणारे साहेब तोपर्यंत दुसऱ्या देशात. जॉइन होतानाच विचारा, भत्त्याची पॉलिसी काय आहे. आणि कुणी मुलांसोबत दोन आठवडे खेळायला या, फी भरा अशी जाहिरात दाखवली तर सरळ नाही म्हणा, दर पंधरवड्याला नवी ताई येणार आणि रडवून जाणार, त्या पोरांनी काय घोडं मारलंय.

गावात पाय ठेवायच्या आधी प्रमुखाला भेटायचं, आणि प्रमुख बाई असू शकते, पुष्कळ आहेत. त्याआधी बोमाला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, समाजकल्याण ऑफिसात. कुणाच्याही अंगणात शिरताना बाहेरूनच "ओदी!" म्हणायचं, आतून "ओदीनी" आलं की मगच पुढे. मुलींनो, जीन्सवरून का होईना चितेंजे गुंडाळा, आपल्या लुंगीसारखं कापड, बाजारात मिळतं. तुम्हाला आम्वेन्ये म्हणतील, म्हणजे इंडियन, आणि तिथले बरेचसे इंडियन दुकानदार आहेत त्यामुळे पहिला महिना लोक तुम्हाला साखरेचा भाव विचारतील.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, उजव्या हाताने गोळा करून खायची, आणि सोबत भोपळ्याच्या पानांची शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, ही खाल्ली तेव्हा मला रडू आलं होतं, इतकी घरची चव. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर पाहुणीसाठी कोंबडी कापतील आणि त्या घरात ती कोंबडी म्हणजे काय असते हे तुम्हाला नंतर कळेल.

मुंबईहून अदिस अबाबामार्गे लिलाँग्वे हा रूट बरा पडतो. यलो फीवरची लस घेऊन ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, परत येताना आपल्याकडच्या एअरपोर्टवर बघतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचारा, मच्छरदाणी रोज, चांगला टॉर्च, पॉवर बँक. चहा पावडर मात्र नेऊ नका, मी दोन किलो नेली होती, थ्योलो-मुलांजेकडचा चहा तिथे कोपऱ्यावरच्या टपरीतही मिळतो. वेलची न्या.