पॉलिमर क्लेमध्ये हंगामी रंगछटा मिसळताना

हंगामी फॅशनमधील मातकट गुलाबी किंवा शेवाळी हिरव्यासारख्या छटा पॉलिमर क्लेच्या (मातीसारख्या मळता येणाऱ्या आणि ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या) तयार पाकिटांत जशाच्या तशा क्वचितच मिळतात, त्यामुळे त्या मिसळूनच कराव्या लागतात. भडक रंग शांत करण्यासाठी काळा घालण्याचा मोह शक्यतो टाळावा, कारण त्याने रंग मळकट होतो. त्याऐवजी विरोधी रंगाचा कण, म्हणजे हिरव्यात लाल किंवा नारिंगीत निळा, मिसळावा. गडद रंग नेहमी फिकट रंगात थोडाथोडा घालावा.

प्रमाण मात्र नजरेने ठरवू नये. सर्व रंग एकाच जाडीचे लाटून एकाच साच्याने चकत्या कापाव्यात आणि 8 चकत्या पांढऱ्या, 2 गुलाबी, पाव चकती हिरवी अशी नोंद ठेवावी. त्याच रंगाची कानातली पुन्हा करायची वेळ आली की ही नोंदच कामी येते. रेघा पूर्ण नाहीशा होईपर्यंत क्ले मळावी. मग एक लहान तुकडा पाकिटावर दिलेल्या तापमानाला भाजून, थंड झाल्यावर दिवसाच्या उजेडात पाहावा, कारण भाजल्यावर काही छटा किंचित गडद होतात आणि पारदर्शक क्ले घातलेल्या मिश्रणात हा फरक अधिक जाणवतो. पांढऱ्याला हात लावण्यापूर्वी बोटे नीट पुसावीत. लाल रंग फार चिवट असतो.