गावात राहून नागपुरात प्लॉट घ्यायचा, तर कोणत्या भागात?

गावात राहणाऱ्या माणसानं नागपूरचा भाग निवडताना आधी एकच पाहावं: आपल्या गावचा रस्ता शहरात कुठून शिरतो. भाव, मेट्रो, मोठा दवाखाना हे सगळं त्यानंतर. रिकामा प्लॉट दोन-तीन महिन्यांत एकदा तरी पाहून यावा लागतो. लक्ष नसलं की शेजारचा मलबा येऊन पडतो, कुंपणाचे खांब सरकतात, कोपऱ्यावर टपरी उभी राहते. अख्खं शहर ओलांडून जायचं म्हटलं की जाणं टळतंच.

उमरेड, भिवापूर, ब्रह्मपुरीकडच्यांनी दिघोरीच्या बाजूला पाहावं. वर्धा, हिंगणघाट, वरोऱ्याकडच्यांना वर्धा रोड सोयीचा, म्हणजे चिंचभवन, बेसा, बेलतरोडी हा पट्टा. कोंढाळी-अमरावतीकडून येणाऱ्यांना वाडी, सावनेरवाल्यांना कोराडी रोड, मौदा-भंडाऱ्याकडच्यांना पारडी. कळमन्याला माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला पारडीचा आणखी एक फायदा, मार्केटच्या कामातच प्लॉटवर चक्कर होते. मात्र त्या बाजूला सौदा करण्याआधी एकदा संध्याकाळी थांबून पाहा. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाचा वास कुठवर येतो ते तेव्हाच कळतं.

पुढे बांधून भाड्यानं द्यायचा विचार असेल तर भाडेकरू कोण राहील ते आधी ठरवा. हिंगणा रोडला एमआयडीसी आणि इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, तिथे एकेक खोलीसुद्धा उठते. मेट्रोच्या दोन्ही लाइन, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, डिसेंबर 2022 पासून पूर्ण सुरू आहेत. स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांत पोचता येत असेल तरच मेट्रोजवळचा भाव द्या. दुसऱ्या टप्प्यातल्या कन्हान, बुटीबोरी, हिंगण्याच्या स्टेशनांचे पैसे आज मोजू नका.

आता पाणी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठचा अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात गेली. या जुन्या, चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या वस्त्या आहेत, त्यामुळे नुसतं नाव ऐकून भाग निवडू नका. नाग, पिवळी आणि पोहरा या तिन्ही नद्या आणि त्यांना मिळणारे नाले नकाशावर पाहून घ्या. मग मोठा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः जा. शेजारच्या भिंतींवर ओलीची किंवा गाळाची रेघ दिसते का, किती उंचीवर? नव्या घरांचे जोते जुन्यापेक्षा दोन-तीन फूट वर घेतलेत का? घेतले असतील तर तिथल्या लोकांनी पाणी पाहिलेलं आहे. रस्त्याची पातळीही बघा. सिमेंट रोड झाले तिथे रस्ता वर आला आणि जुनी घरं खाली राहिली, पाणी अंगणात उतरतं. प्लॉट रस्त्यापेक्षा खाली असेल तर भरण्याचा खर्च काढूनच भाव बोला. पिण्याच्या पाण्याची चौकशी मात्र मे महिन्यात करा. महापालिकेचा नळ दारापर्यंत आहे, की बोअर आणि टँकरवर भागवतात, हे दुकानदाराला आणि एखाद्या बाईमाणसाला विचारा, एजंटाला नको.

काळ्या मातीचं आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्यावरच पाया टेकवला तर भिंतीही तडकतात. शहराच्या पश्चिमेला मुरूम, दगड बऱ्याच ठिकाणी लवकर लागतो. पूर्वेकडे काळी माती खोल जाते. शेजारी बांधकाम चालू असेल तर मिस्त्रीला विचारा, मुरूम किती फुटांवर लागला. नसेल तर मालकाच्या परवानगीनं एक खड्डा खोदून बघा. पाया जितका खोल, तितका खर्च वाढला.

भाग पसंत पडला तरी कागद जुळल्याशिवाय इसार देऊ नका. मौजा, खसरा नंबर आणि पटवारी हलका नंबर (प.ह.नं.) घेऊन सातबारा काढा. त्यात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद दिसली तर तिथेच थांबा. सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये पूर्व विदर्भातल्या या जमिनी वनजमीनच मानल्या आहेत. भोगवटादार वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. शहरातल्या अनधिकृत लेआउटमध्ये, ‘572 लेआउट’ आणि ‘1900 लेआउट’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या गटांतही, त्याच प्लॉटचा नागपूर सुधार प्रन्यासचा (नासुप्र) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, मागा. ‘आरएल होऊन जाईल’ या शब्दावर पैसे देऊ नका, त्याशिवाय बँकेचं कर्ज आणि नकाशा मंजुरी दोन्ही अडतात. शहराच्या हद्दीबाहेर नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एनएमआरडीए) मंजुरी हवी, नुसता ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा नकाशा चालत नाही. नवा लेआउट 500 चौरस मीटरहून मोठा असेल तर त्याचा महारेरा नोंदणी नंबर महारेराच्या वेबसाइटवर स्वतः तपासा.

गृहनिर्माण संस्थेचा प्लॉट असेल तर जास्त जपा. एकच प्लॉट दोघा-तिघांना विकल्याची प्रकरणं नागपुरात नवी नाहीत. वकिलाकडून त्या जागेच्या 30 वर्षांच्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट घ्या, आणि त्यात प्लॉट नंबरासोबत चारही चतुःसीमा जुळतात का ते तुम्ही स्वतः वाचा. नंबर बरोबर आणि दक्षिणेला रस्त्याऐवजी दुसराच प्लॉट, असं निघालं तर दाखवलेली जागा वेगळी आहे. रजिस्ट्रीआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. रजिस्ट्रीनंतर आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) किंवा सातबाऱ्यावर नाव चढवायचा अर्ज लगेच द्या, आणि त्याच हंगामात वॉल कम्पाउंड घालून नाव, प्लॉट नंबर आणि खसरा नंबराचा बोर्ड लावा.