सोलर हीटरमध्ये किती क्षार साचेल, ते आधीच काढा

टीडीएस मीटरवरून (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण दाखवणारा मीटर) क्षाराचा अंदाज बांधू नका. तो मिठासकट सगळंच मोजतो, आणि मीठ नळीत थर धरत नाही. थर धरते ती उकळल्यावर पाण्यातून निघून जाणारी कठीणता (पाणी जड करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार). ती अशी काढा:

१. टाकीत जाणाऱ्या थंड पाण्याची कठीणता थेंब मोजायच्या किटने (रंग बदलेपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचं) तपासा.
२. तेच १ लिटर पाणी १० मिनिटं उकळा, गार करा. आटलेलं पाणी डिस्टिल्ड वॉटरने भरून पुन्हा १ लिटर करा (ही पायरी गाळली तर आकडा चुकतोच).
३. गाळ न ढवळता वरचं पाणी गाळून पुन्हा तपासा.

दोन आकड्यांतला फरक गुणिले रोजचे लिटर. आधी ३५०, नंतर १२० मिलिग्रॅम प्रतिलिटर आले आणि रोजचा वापर १५० लिटर असेल, तर दिवसाला ३४.५ ग्रॅम, महिन्याला साधारण १ किलो. ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात कमी साचतं, कारण टाकीतलं पाणी सहसा उकळत नाही. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की मात्र साचण्याचा वेग वाढतो. फ्लॅट प्लेट (काचेखाली सपाट पत्रा असलेल्या) हीटरच्या बारीक तांब्याच्या नळ्या लवकर तुंबतात, म्हणून तिथे हा आकडा जास्त गांभीर्याने घ्या.

बोअरचं पाणी असेल तर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा तपासा.