सेल्फ लागत नाही: मोटार आणि बोटीतील स्टार्टर तपासणे व बदलणे

किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरले नाही, की ‘सेल्फ गेला’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. मग सेल्फ उतरवला जातो, आणि पुष्कळदा असे आढळते की त्यात काहीच बिघडलेले नव्हते. दोष बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या थरात किंवा इंजिनाच्या अर्थिंगच्या गंजलेल्या लगमध्ये (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीत) होता. मोटारीच्या बाबतीत असे निदान चुकले तर पैसे जातात आणि एक दिवस मोडतो. बोटीला मात्र धक्का मारून चालू करण्याची सोय नाही, आणि नवा सेल्फ बसवूनही जुना दोष तसाच राहिला, तर तो बंदरात नव्हे, समुद्रात पुन्हा डोके वर काढतो. म्हणून पान्याला हात घालण्याआधी मल्टीमीटर हातात घ्यावा, असा माझा आग्रह आहे. साधा मल्टीमीटर या कामाला पुरतो.

सेल्फ म्हणजे वस्तुतः दोन भाग असतात: एक मोटर आणि तिच्या पाठीवर बसवलेले सोलेनॉइड. किल्ली फिरवली की बारीक तारेतून सोलेनॉइडला वीज मिळते, त्यातील प्लंजर (सरकता लोखंडी दांडा) आत ओढला जातो आणि तो दोन कामे एकापाठोपाठ करतो. काट्याच्या साहाय्याने पिनियन (मोटरचे लहान दातेरी चाक) पुढे ढकलून तो इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये अडकवतो, आणि दुसऱ्या टोकाला तांब्याचे जाड कॉन्टॅक्ट जोडून बॅटरीचा प्रवाह मोटरमध्ये सोडतो. हा प्रवाह लहान पेट्रोल गाडीत साधारण १०० ते २०० अँपिअर असतो. डिझेल इंजिनात तो याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. एवढ्या प्रवाहापुढे अगदी क्षुल्लक रोधही महागात पडतो. एखाद्या सैल किंवा गंजलेल्या जोडात केवळ ०.०१ ओहम रोध असला, तरी २०० अँपिअरला तिथेच २ व्होल्ट खर्ची पडतात. त्याच जोडातून केबिनचे दिवे मात्र लख्ख लागतात, कारण त्यांना लागणारा प्रवाह किरकोळ असतो. ‘दिवे चांगले लागतात, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे’ या समजुतीने जितकी निदाने चुकतात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने चुकत असतील.

पहिला पुरावा कानाला मिळतो. किल्ली फिरवल्यावर टक-टक-टक असा जलद आवाज येत असेल, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जोड खराब आहे असे बहुतेक वेळा समजावे. कॉन्टॅक्ट जुळताच व्होल्टेज कोसळते, प्लंजर धरून ठेवणारे वेटोळे त्याला सोडते, व्होल्टेज पुन्हा चढते आणि हेच चक्र फिरत राहते. एकच ठळक ‘टक्’ होऊन पुढे काही न घडणे म्हणजे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेले, मोटरला वीज पोहोचवणारे कार्बन (ब्रश) झिजलेले किंवा इंजिनच अडकलेले असणे. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्समधील (पिनियन ज्यावर बसते त्या भागातील) एका दिशेने फिरणारा क्लच घसरत असतो. करकर आवाज पिनियनचे किंवा रिंगचे दात गेल्याची खूण होय. किल्ली सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिला, तर कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटलेले असतात. अशा वेळी विचार करीत न बसता बॅटरीचा मेन स्विच बंद करावा. आणि काहीच आवाज नसेल, तर आधी गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, क्लच पूर्ण दाबला आहे का, फ्यूज आणि रिले ठीक आहेत का, ते पाहावे. बोटीतही गिअरचा दांडा किंचित पुढे-मागे राहिला की न्यूट्रलचा स्विच सेल्फला वीज जाऊ देत नाही.

आता मोजणी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत इंधनपंपाचा फ्यूज काढावा किंवा डिझेल इंजिनाचा स्टॉप लीव्हर ओढून धरावा. किल्लीवर दुसरा माणूस असावा. बॅटरी काही तास चार्ज न होता पडून राहिल्यावर १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. २४ व्होल्टच्या बोटीत हेच आकडे दुप्पट धरावेत, पण दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात, कारण एक मेलेली असली की ती दुसरीलाही ओढून नेते. सेल्फ मारताना १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. गेले, तर खात्रीची दुसरी बॅटरी जोडून तीच चाचणी पुन्हा करावी. दुसऱ्या बॅटरीचेही व्होल्टेज तसेच कोसळले, तर मोटर किंवा इंजिन अवाजवी प्रवाह ओढत आहे.

यानंतरची चाचणी खरी निर्णायक आहे, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी केली जात नाही. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर ठेवावे, लगवर नव्हे, कारण खांब आणि लग यांच्यामधला जोडच अनेकदा दोषी असतो. दुसरे टोक सोलेनॉइडच्या ज्या बोल्टवर बॅटरीची जाड केबल येते त्या बोल्टवर टेकवावे. सेल्फ मारला नसताना मीटर शून्य दाखवील. मारल्यावर जो आकडा येतो तेवढे व्होल्टेज वाटेतच हरवते. ते अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक असेल, तर केबल, लग किंवा मेन स्विच तपासावा. तसेच बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि सेल्फचे उघडे धातूचे अंग यांच्यामध्ये मोजावे, इथे ०.३ व्होल्टपेक्षा अधिक तूट नसावी. असली, तर अर्थिंग दोषी आहे. शेवटी सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये मोजावे. ‘टक्’ झाल्यावरही इथे बॅटरीचे सगळे व्होल्टेज दिसत असेल, तर आतले कॉन्टॅक्ट जुळत नाहीत. अजिबात आवाज येत नसेल, तर किल्लीकडून येणारी बारीक तार जिथे सोलेनॉइडला जोडलेली असते त्या ५० क्रमांकाच्या टर्मिनलवर किल्ली फिरवताना वीज येते का ते पाहावे. येत नसेल, तर सेल्फ निर्दोष आहे आणि शोध किल्लीच्या दिशेने न्यायला हवा.

सेल्फपर्यंत १० व्होल्टपेक्षा अधिक पोहोचत आहेत आणि तरीही तो फिरत नाही, असे ठरले तरी आणखी एक पायरी बाकी राहते: इंजिन हाताने फिरवून पाहणे. क्रँकशाफ्टच्या बोल्टवर सॉकेट लावून ते फिरते का, याची खात्री करावी. बोटीच्या बाबतीत ही पायरी कधीही वगळू नये. ज्या बोटींमध्ये थंड करणारे समुद्राचे पाणी एक्झॉस्टमधूनच बाहेर टाकले जाते, त्यांचा पाण्याचा पंप सेल्फ मारतानाही फिरतच असतो. इंजिन पेटत नाही, त्यामुळे पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो; ते एक्झॉस्टच्या पेटीत चढत जाते आणि शेवटी उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते. पाणी दाबले जात नाही, म्हणून पिस्टन अडतो, आणि वरून पाहणाऱ्याला सेल्फ जाम झाला असे वाटते. अशा वेळी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इंजेक्टर किंवा प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे. भोकातून पाणी बाहेर आले, तर सेल्फचा विषय तिथेच थांबवून इंजिनातील खारे पाणी काढण्याच्या आणि ऑइल बदलण्याच्या कामाला त्याच दिवशी लागावे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढताना एअर फिल्टरमधून पाणी गेले तर मोटारीतही हाच प्रकार घडतो. म्हणून इंजिन दोन-तीन प्रयत्नांत पेटले नाही, की पाणी घेणारा समुद्राचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि इंजिन चालू होताच आठवणीने उघडावा, नाहीतर पंपाचे रबरी पाते कोरडे फिरून जळते. एका वेळी १० सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये, आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान एक मिनिट जाऊ द्यावे.

सेल्फवर लाकडी दांड्याने हलकेच टकटक केल्यावर तो लागतो, हे खरे आहे. अडकलेले कार्बन त्यामुळे जागेवर बसतात. पण याचा उपयोग बंदरात किंवा घरी परतण्यापुरताच करावा. नव्या गाड्यांतील अनेक सेल्फमध्ये कायमचे चुंबक असतात आणि जोराच्या ठोक्याने ते तडकतात.

उतरवण्याचे काम त्या मानाने सरळ आहे. प्रथम बॅटरीचा निगेटिव्ह सोडावा. बोटीत दोन बॅटरी-संच असतील तर दोन्हींचा. तारांचा फोटो घ्यावा. सोलेनॉइडच्या बोल्टवरचा बाहेरचा नट सोडताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा. तसे न केल्यास पूर्ण बोल्टच फिरतो, बेकलाइटचे झाकण तडकते आणि चांगले सोलेनॉइड हकनाक वाया जाते. शेवटचा बोल्ट काढण्याआधी सेल्फला खालून आधार द्यावा, कारण मोठ्या डिझेल इंजिनाचा सेल्फ १० किलोपेक्षाही जड असू शकतो. मध्ये पातळ पत्र्याचे शिम निघाले तर ते जपून ठेवावेत. मोकळ्या झालेल्या भोकातून रिंगचे दात इंजिन हाताने पूर्ण एक फेरा फिरवून पाहावेत. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना साधारण समोरासमोरच्या दोन ठरावीक जागीच थांबते, त्यामुळे झीज तेवढ्याच भागात असते आणि घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटते. तिथले दात तुटलेले असतील, तर नवे पिनियनही लवकरच खराब होईल.

कार्बन, बुश आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बदलून मिळतात, आणि आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) शाबूत असेल तर अशी दुरुस्ती करून घेण्यात कमीपणा नाही. नवा सेल्फ घेताना व्होल्टेज, फिरण्याची दिशा, पिनियनच्या दातांची संख्या आणि बोल्टांमधील अंतर जुन्याशी ताडून पाहावे. पेट्रोल इंजिन बंदिस्त जागेत असलेल्या बोटीला मात्र मोटारीचा सेल्फ, तो तंतोतंत बसत असला तरी, कदापि लावू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते, आणि कार्बनवर उडणारी साधी ठिणगी तिला पेटवू शकते. बोटीसाठी बनवलेल्या सेल्फमध्ये ही ठिणगी आतच कोंडून राहील अशी रचना असते. अशा बोटीत सेल्फ मारण्याआधी निदान ४ मिनिटे ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवावा. पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या बोटीत अनेकदा दोन्ही टर्मिनल अंगापासून अलग असलेला सेल्फ असतो; त्याच्या जागी मोटारीचा साधा सेल्फ लावल्यास प्रवाह बोटीच्या अंगातून वाहू शकतो आणि धातू झिजू लागतो.

बसवताना सेल्फ आणि इंजिन यांचा जोडपृष्ठभाग घासून चकचकीत करावा, त्यावर रंग राहू देऊ नये, कारण बहुतेक इंजिनांत अर्थिंग तिथूनच होते. बोल्ट आधी हाताने लावावेत आणि मग उत्पादकाच्या पुस्तिकेतील टॉर्कनुसार आवळावेत. सगळे जोड आवळून झाल्यावर त्यांना व्हॅसलिन किंवा टर्मिनल ग्रीस लावावे. बोटीत कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची केबल खाऱ्या हवेत अधिक टिकते. निगेटिव्ह सर्वांत शेवटी जोडावा. इंजिन चालू झाल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. नसल्यास अल्टरनेटरकडे पाहावे.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात काही काळ मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढलेल्या असतात. या काळात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि जोडांवर खार चढतो. म्हणून बोट पाण्यात उतरवण्याच्या आठवडाभर आधी बॅटरी चार्ज करावी आणि वरील मोजमापे पुन्हा घ्यावीत. त्यांचे आकडे तारखेसह इंजिनच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावेत, म्हणजे कोणत्या जोडात तूट वाढत चालली आहे हे पुढच्या हंगामात तांडेलालाही (बोटीच्या प्रमुखालाही) तिथल्या तिथे दिसेल.