रोज नवा व्यायाम, तरी फिटनेस तिथेच: छोट्या बॅचमधल्या या चुका टाळा

पुण्यात-ठाण्यात सकाळी सहा वाजता सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा शाळेच्या मैदानावर डोकावलं, तर हमखास एखादी बॅच दिसते. सहा-आठ माणसं, अंथरलेल्या मॅट, चार-सहा डंबेल, एखादी केटलबेल (वर कडी असलेलं गोळ्यासारखं वजन) आणि मोबाइलवर वाजणारा टायमर. प्रकार चांगला आहे. ट्रेनरची नजर प्रत्येकावर पोचते, फी वाटली जाते आणि ताकद, दम, लवचिकता, तोल अशा सगळ्यांची सोय एकाच ठिकाणी होते. तरीही तीन-चार महिन्यांनी तक्रारी सुरू होतात. घाम भरपूर गळतो, पण दोन जिने चढले की धाप लागायची ती लागतेच. वर खांदा धरलाय तो वेगळाच. अशा बॅच घेताना ज्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांबद्दल हे लिहिते आहे.

रोज काहीतरी नवीन

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती चांगल्या हेतूने होते. लोक कंटाळू नयेत म्हणून ट्रेनर सोमवारी बॉक्सिंग घेतो, बुधवारी जनावरांच्या चाली, शुक्रवारी दोरीच्या उड्या आणि पुढच्या सोमवारी भलतंच काही. बॅच खूश असते. पण व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती बरीचशी मेंदू आणि नसा ती हालचाल शिकतात म्हणून वाढते. स्नायू भरतात ते नंतर. महिन्यातून एकदा वाट्याला येणारी हालचाल दर वेळी पहिल्यापासूनच शिकावी लागते. अंग मात्र दर वेळी आंबतं, कारण सवय नसलेल्या कामाने ते आंबणारच. आणि आंबलेलं अंग म्हणजे लागू पडलेला व्यायाम, असा आपल्याकडे पक्का समज आहे.

यावर उपाय म्हणजे हालचालींचा सांगाडा ठरवून टाकायचा. बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, वजन घेऊन चालणं आणि एका पायावर तोल सांभाळणं या सहा गोष्टी दर आठवड्याला आल्याच पाहिजेत. निदान सहा आठवडे त्यांचे मुख्य व्यायाम बदलायचे नाहीत. बदल हवा असेल तर वॉर्मअपमध्ये करा, शेवटच्या दहा मिनिटांच्या खेळात करा, स्टेशनांचा, म्हणजे एकेका व्यायामासाठी ठरवलेल्या जागांचा, क्रम फिरवा. शेवटी लंगडी, बॉल पास किंवा दोरीची ओढाओढी ठेवली की कंटाळ्याची तक्रार येत नाही, आणि बसून उठण्याचा स्क्वॉट तिथेच राहतो.

आठवड्यातून तीन दिवस बॅच असेल तर माझी मांडणी साधी असते. दोन दिवस ताकद, आणि त्यांत सेटच्या मध्ये खरीखुरी विश्रांती. तिसऱ्या दिवशी दमाचं काम आणि सांध्यांच्या हालचाली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस श्रमाची आहे. शिवाय दोन किंवा जास्त दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. बॅचचे तीन तास म्हणजे १८० मिनिटं, असा हिशेब मांडू नका. त्यातून सूचना, पाणी, गप्पा वजा करा. ताकदीचे दोन दिवस तर वेगळ्याच खात्यात जातात. म्हणून बॅच नसेल त्या दिवशी झपाझप चालणं हवंच.

सगळ्यांना एकच आकडा

"चला, वीस पुशअप, सगळ्यांनी!" या एका वाक्याने बॅचमधल्या निम्म्या लोकांचा व्यायाम वाया जातो. पंचविशीतल्या मुलाला वीस म्हणजे वॉर्मअप, आणि पन्नाशीतल्या काकूंना सहाव्यानंतर कंबर खाली झोळीसारखी लोंबणारी कसरत.

गंमत म्हणजे सर्किट ट्रेनिंग, म्हणजे एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जात व्यायाम करण्याची पद्धत, १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि ॲडमसन यांनी बसवली, तेव्हा तिचा पायाच व्यक्तिगत मोजमाप हा होता. प्रत्येकाची कमाल क्षमता आधी तपासायची आणि तिच्या साधारण निम्म्यावर त्याचा सराव ठरवायचा. गट एकत्र, डोस ज्याचा त्याचा. आपण त्यातली स्टेशनं तेवढी उचलली.

पुशअपचंच घ्या. भिंतीला टेकून, मग ओट्याएवढ्या उंचीच्या कठड्यावर, मग बाकावर, मग पायरीवर, मग जमिनीवर अशी उतरंड लावता येते. गुडघे टेकवून करण्यापेक्षा मला ही उतरंड जास्त पटते, कारण डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एका रेषेत ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागते. प्रत्येकाला त्याची उंची सांगायची आणि संख्येऐवजी श्रमाचं माप द्यायचं: 'अजून दोन नीट होतील असं वाटलं की थांबा.' मग आठ जण आठ उंचींवर असले तरी कष्ट सारखेच होतात. आणि कठड्यावर करणाऱ्याला 'सोपा प्रकार' करणारा म्हणून हिणवायचं नाही. हे ट्रेनरनेच पहिल्या दिवशी बजावलेलं बरं.

वजन वाढवतानाही हाच घोळ होतो. मैदानावरच्या बॅगेत डंबेल असतात २.५, ५, ७.५ आणि १० किलोचे. पाचावरून साडेसातवर जाणं ऐकायला किरकोळ वाटतं, पण ती एकदम ५० टक्के वाढ आहे. एका हाताने खांद्यावरून वर ढकलताना ती झेपतच नाही, आणि माणूस पाठ मागे कलवून वजन वर ढोसतो. त्याआधी दुसरे मार्ग वापरून संपवायचे. आठचे बारा रेप्स (एका सेटमधल्या सलग आवृत्त्या) करा, खाली आणताना तीन मोजा, तळाशी क्षणभर थांबा, एक सेट वाढवा. लागोपाठ दोन सत्रांत शेवटच्या सेटला ठरल्यापेक्षा दोन रेप्स जास्त आणि नीट निघाले, की मोठ्या डंबेलला हात घाला. रेप्स मात्र पुन्हा कमी करून.

यासाठी नोंद लागते. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे घामेजलेले फोटो म्हणजे नोंद नव्हे. दोनशे पानी वही पुरते: तारीख, व्यायाम, वजन, रेप्स आणि दहापैकी किती जड वाटलं. गेल्या मंगळवारी आपण किती किलो उचललं होतं हे बॅचमधल्या एकालाही सांगता येत नसेल, तर तिथे प्रशिक्षण चाललेलं नाही, नुसती दमछाक चालली आहे.

रोजचं 'टबाटा'

वीस सेकंद काम, दहा सेकंद विश्रांती, म्हणजे टबाटा, असं समजून अर्धा-अर्धा तास क्रंचेस आणि जंपिंग जॅक चालतात. जपानी संशोधक इझुमी टबाटा यांचा १९९६ चा मूळ प्रयोग सायकलवरचा होता. सात-आठ फेऱ्यांत, म्हणजे चारेक मिनिटांत, माणूस पुढे पेडल मारूच शकणार नाही इतका तो जोर होता. करणारे तरुण, सराव असलेले विद्यार्थी होते, आणि तरीही त्यांच्या आठवड्यात एक दिवस अर्ध्या तासाच्या एकसारख्या वेगाच्या सायकलिंगचा होता. अर्धा तास जो चालतो, तो काही का असेना, टबाटा नव्हे.

नाव चुकलं तर चुकू दे, पण रोज जोरात करण्याची सवय घातक आहे. दमाचा पाया हळू कामाने बांधला जातो. बोलून बघा. चालता-पळताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस. आठवड्यातला एखादाच भाग दुसऱ्या प्रकारचा असू द्या.

ओढणं राहूनच जातं

मैदानावर पुशअप, स्क्वॉट, प्लँक यांना काही लागत नाही, म्हणून तेच होतात. ओढायला मात्र काहीतरी पकडावं लागतं, म्हणून तो व्यायाम गाळला जातो. दिवसभर लॅपटॉपवर वाकलेल्या माणसाला नेमका तोच हवा असतो. गोलपोस्टच्या खांबाला रबर बँड अडकवा. कमरेएवढ्या उंचीचा मजबूत आडवा बार असेल तर त्याखाली आडवं होऊन छाती बारकडे ओढा. बाकावर एक हात टेकवून दुसऱ्या हाताने डंबेल ओढणं तर कुठेही जमतं. माझा नियम असा की जितके सेट ढकलण्याचे, निदान तितके ओढण्याचे. खांदे दुखण्याच्या तक्रारी आल्या की मी सगळ्यात आधी हा हिशेब तपासते.

जोडी जमवताना आणि गटाची चढाओढ

गटात माणूस जास्त जोर लावतो हे खरं, पण दर वेळी नाही. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान याने दोर ओढण्याच्या प्रयोगांत पाहिलं की माणसं वाढली की प्रत्येकाचा वाटा कमी होतो. 'सगळ्यांनी मिळून तीनशे स्क्वॉट' हा खेळ लावला की बॅचमधला एक जण हमखास बुटाची नाडी बांधत बसतो, तो यामुळेच. उलट, १९२० च्या दशकात बर्लिनच्या रोइंग क्लबातल्या खेळाडूंवर प्रयोग करताना कोलर या मानसशास्त्रज्ञाला आढळलं की जोडीतला कमकुवत गडी एकट्यापेक्षा जास्त टिकाव धरतो. आणि हा फायदा दोघांत मध्यम फरक असतानाच सगळ्यात चांगला दिसतो. म्हणून जोडी लावताना नवरा-बायको किंवा मैत्रिणी एकत्र असं न करता, जरासा पुढे असलेला जोडीदार द्या. फार पुढचा दिला की मागचा सोडून देतो.

चढाओढीचा तोटा तांत्रिक व्यायामात दिसतो. केटलबेल स्विंग किंवा डेडलिफ्ट, म्हणजे कमरेतून वाकून वजन झुलवणं किंवा उचलणं, सर्किटच्या शेवटी, घड्याळ लावून ठेवणं हा कंबरेत उसण भरण्याचा राजमार्ग. अशा गोष्टी सुरुवातीला, ताज्या अंगाने. शिकवताना पाठीवर उभी काठी धरा. ती डोक्याच्या मागे, खांद्यांच्या मधे आणि माकडहाडावर अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता वाका. वाकताना एकही टेकण सुटलं तर तेवढंच वाकायचं, वजन त्यानंतर. दमलेल्या अवस्थेत शर्यत लावायचीच असेल तर वजन घेऊन चालण्याची लावा. त्यात फॉर्म बिघडलाच तर वजन खाली ठेवता येतं.

दुखतंय तेव्हा

आंबलेलं अंग दोन्ही बाजूंना सारखं, स्नायूच्या पोटात दुखतं. एक ते तीन दिवसांत त्याचा जोर होऊन ओसरतं. हलकं चालल्याने बरंच वाटतं. एकाच बाजूला, सांध्यात, टोचल्यासारखं किंवा करता करता अचानक दुखलं, तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा.

गुडघ्याची वाटी पुढून दुखत असेल तर आधी उड्यांची संख्या बघा. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की बॅच पार्किंगमध्ये येते, पण उड्या तितक्याच राहतात आणि त्या आता काँक्रीटवर पडतात. जून ते सप्टेंबर उड्या कापा, जिना आणि वजन घेऊन चालणं वाढवा. स्क्वॉट खुर्चीपर्यंतच करा, लंज पुढे टाकण्याऐवजी पाय मागे टाकून करा. प्लँकमध्ये मनगट दुखलं तर मुठीवर किंवा न घरंगळणाऱ्या, षट्कोनी डंबेलच्या दांड्यावर हात ठेवा. आणि गणपती-दिवाळीच्या सुट्टीनंतर जुन्या वजनावर उडी मारू नका. पहिला आठवडा निम्म्या सेटवर काढा.

एक गोष्ट मात्र घरगुती उपायांची नाही. खूप दिवसांनी अतिरेकी व्यायाम झाल्यावर स्नायू सुजून कडक झाले, वेदना असह्य झाली आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद व्हायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. स्नायू फुटून त्यांतले घटक मूत्रपिंडावर येतात. 'पहिल्याच दिवशी शंभर बर्पी' (जमिनीवर आडवं होऊन उठून उडी) छापाचं आव्हान देणाऱ्या ट्रेनरला हे माहीत असायलाच हवं. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तरी हेच, बॅचमध्ये लाजायचं नाही. बीपी असलेल्यांनी वजन उचलताना श्वास कोंडू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणारी काही औषधं घेणाऱ्यांनी वेळेबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं आणि खिशात ग्लुकोज नाहीतर साखर ठेवावी.

खाण्याबद्दल थोडक्यात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. चहा-खारी, दुपारी पोळी-भाजी, रात्री खिचडी यांत तेवढी सहज भरत नाहीत, आणि ताकद कमवायची तर थोडी जास्तच लागतात. अंडी, घट्ट वरण, उसळ, ताक-पनीर, मासे, जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात हवं.

पैसे भरण्याआधी

एक दिवस बॅच नुसती बघायला जा. उशिरा येणाऱ्याचं काय होतं ते बघा. तो थेट चालू सर्किटमध्ये घुसत असेल तर वॉर्मअपला तिथे किंमत नाही. त्याला कडेला पाच मिनिटं हालचाली करून मगच आत घेत असतील तर उत्तम. ट्रेनर रील काढतोय की लोकांचे गुडघे बघतोय, हेही कळेल. गुडघा, कंबर, बीपी, औषधं यांबद्दल तुम्हाला कोणीही काही विचारलं नाही तर दुसरी बॅच शोधा. आणि डोकी मोजा. एका ट्रेनरमागे बारा-पंधरा जण असतील, तर फलकावर काहीही लिहिलेलं असो, ती छोटी बॅच नव्हे.